पायरीखालचा शिंपला

पारवली कोळीवाडा, सीबीडी बेलापूरजवळ
६ नोव्हेंबर १९९४

आदरणीय वैजयंतीबाई,

नमस्कार. पनवेलच्या कॉलेजात तुमच्या तासाला खिडकीजवळ बसणारी मिताली नाखवा तुम्हाला आठवते का? बेडकाऐवजी घरून बोंबील आणून त्याचा सांगाडा काढून दाखवला होता, ती मी. तुमचा रत्नागिरीचा पत्ता कॉलेजच्या ऑफिसातून मिळवला. विचारल्याशिवाय पत्र लिहिते आहे, राग मानू नका.

मला नोकरी लागली. बेलापूरला खाडीच्या जीवांची पाहणी करणारं एक लहानसं केंद्र आहे, तिथे नाडगौडा सरांच्या हाताखाली मदतनीस म्हणून घेतलं आहे. सध्या तात्पुरती. माझ्याच गावाची खाडी माझ्या वाट्याला आली. आई म्हणते, "चिखलात जायचा तर कॉलेजला कनाला गेलीस? चिखल दाराशीच व्हता." सगळ्या आळीला सांगून हसते. पण माझ्या ओळखपत्रावरचा फोटो तिने दोनदा पदराने पुसला.

आता कामाचं. आमच्या गावदेवीच्या देवळापासून खाडीत दगडी पायऱ्या उतरतात. शेवटच्या पायरीखाली, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात, मला एक शिंपला मिळाला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, पांढरा, इतका पातळ की उजेडात धरला तर पलीकडचं बोट दिसतं. आधी वाटलं, एखाद्या मोठ्या शिंपल्याचं पिल्लू असेल. पण काहींच्या पोटात अंडी होती, म्हणजे ते पूर्ण वाढलेले आहेत. केंद्रातली सगळी पुस्तकं पाहिली, कशाशीच जुळत नाही. एका जातीशी बाहेरून जुळतो, तर आत जुळत नाही. दुसरीशी आत थोडा जुळतो, तर आकार वेगळा.

सर म्हणतात, नवी जात असू शकते. मला भीती वाटते. मी चुकले तर? आमच्या घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिली. माझं चुकलं की नाही हे बघायला घरी कोणी नाही.

सोबत फिल्मच्या रोलच्या डबीत कापसात गुंडाळून पाच शिंपले रजिस्टरने पाठवते आहे. दोन शिंपा जिथे जोडल्या जातात तिथले बिजागरीचे दात एकदा तुम्ही पाहाल का? तुमच्यासारखं शिंपल्यातलं जाणणारं दुसरं कोणी मला माहीत नाही.

तुमची विद्यार्थिनी,
मिताली

रत्नागिरी
२८ नोव्हेंबर १९९४

प्रिय मिताली,

तू आठवतेस. बोंबील तर फारच आठवतो, प्रयोगशाळेत आठवडाभर वास होता आणि प्राचार्यांनी कारण मला विचारलं होतं.

निवृत्त झाल्यापासून मला कोणी शिंपला पाठवला नव्हता. इथे भावाच्या घरी माडीवर बसून असते. पहाटे भाट्याच्या पुलाकडून शिंपल्यांची पोती भरलेले टेम्पो मुंबईकडे जातात, त्यांच्या आवाजावरून कळतं की ओहोटी चांगली लागली होती. तेवढाच माझा आता प्राणिशास्त्राशी संबंध. तुझी डबी आली तेव्हा वहिनीने विचारलं, "औषध आलं का?" मी हो म्हटलं.

शिंपले सुरेख आहेत. कडा पाहिल्या. नियमित, गुळगुळीत. दातांबद्दल घाई करायला नको. तू त्यांची आकृती काढून पाठव. मोठी काढ, हाताच्या पंजाएवढी, आणि काळ्या शाईने. पेन्सिल नको. शिवाय तुझं अक्षर फार बारीक झालं आहे. कागदाच्या एकाच बाजूला लिहीत जा, आणि ओळींत अंतर ठेव. जे काढलंस ते शब्दांतही लिही. चांगल्या अभ्यासकाला हाताने काढलेलं तोंडानेही सांगता आलं पाहिजे.

आशीर्वाद.
वैजयंती आगाशे

पारवली
१८ डिसेंबर १९९४

आदरणीय बाई,

माझ्या अक्षराबद्दल माफ करा. पत्र मिळाल्यावर दोन दिवस मला वाईट वाटत होतं की, तुम्हाला इतक्या वर्षांनी लिहिलं आणि तेही गबाळं. हे पत्र तीनदा उतरवलं आहे.

आकृत्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला काढल्या, कारण एवढा मोठा पांढरा कागद केंद्रात मागायला संकोच वाटला. उजव्या शिंपेत दोन दात आहेत, पुढचा आखूड, मागचा वाकडा. डाव्या शिंपेत एकच, पण तो टोकाला दुभंगलेला. जशी खेकड्याची नांगी अर्धवट उघडी असावी. बाजूचे लांब दात अजिबात नाहीत. हेच कुठल्याही पुस्तकात नाही. मी चौदा शिंपले उघडले. चौदातले तेरा असेच. चौदावा उघडताना माझ्याच हातून मोडला, म्हणून त्याबद्दल सांगता येत नाही.

घरी गंमत झाली. मी दिव्याखाली आकृती काढत होते तर शेजारचे सदूकाका डोकावले. "काय गो, ताटाएवढा शिंपला कुठं मिलाला? आमाला पन दाखव, जालंच टाकतो." खरा शिंपला चिमटीत धरून दाखवला तर म्हणाले, "याच्यासाठी सरकार पगार देतं? मंग माशीच्या पायाचं पन काम काढ तुज्या काकीसाठी."

सर एक दिवस पायऱ्यांवर आले होते. त्यांनी विचारलं, इथे बाहेरून आणून कोणी काही टाकतं का? मी खात्रीने नाही म्हटलं. देवळाखाली आमच्यात घाण टाकत नाहीत, कोणी टाकलीच तर म्हाताऱ्या बायका अंगावर येतात. सरांनी तसं टिपून घेतलं.

तुम्ही दात पाहिलेत का? घाई नाही. पण सर दर सोमवारी विचारतात.

मिताली

रत्नागिरी
१४ जानेवारी १९९५

प्रिय मिताली,

तिळगूळ घ्या, गोड बोला. वडी पाठवली तर पोस्टात भुगा होईल म्हणून पाठवत नाही.

आकृत्या उत्तम. दात मीही पाहिले. तू म्हणतेस तसेच आहेत. उजवीकडे दोन, डावीकडे एक, दुभंगलेला. माझ्या पाहण्यात अशी जात नाही. नाडगौडांना माझ्या नावाने सांगायला हरकत नाही.

एक प्रश्न मात्र मनात राहतो. एवढ्या मोठ्या खाडीत हा जीव एका पायरीखालीच का राहावा? त्याला इतर जागेचं काय वावडं आहे? हे शोध. नाव ठेवण्याआधी घर नीट पाहावं.

हे सगळं वाचून, म्हणजे तुझं पत्र हातात घेऊन, मला फार दिवसांनी शहाण्या माणसासारखं वाटलं. त्याबद्दल तुझे आभार.

वैजयंती आगाशे

पारवली
१९ फेब्रुवारी १९९५

आदरणीय बाई,

तुमचं पत्र सरांना वाचून दाखवलं. ते खुर्चीतून उठले. म्हणाले, "दोघींनी स्वतंत्रपणे तेच पाहिलं, आता शंका नको." आणि मग, नाव तू सुचव, म्हणाले.

मी गावाचं सुचवलं. पारवलेन्सिस. म्हणजे पारवलीचा.

बाई, आमच्या गावाचं नाव बसच्या पाटीवर नाही. नव्या वसाहतीतली माणसं आम्हाला 'सेक्टरच्या मागचं गाव' म्हणतात. ते नाव आता परदेशातल्या पुस्तकात छापलं जाणार. मी फक्त आईला सांगितलं होतं. आईने बाजारात सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी देवळाच्या फळ्यावर कोणीतरी खडूने लिहिलं: 'गावची कन्या मिताली हिने शिंपल्याला गावाचे नाव दिले. अभिनंदन.' आई तर फ्लॅटमधल्या गिऱ्हाइकांनाही सोडत नाही. आई शिवल्या, म्हणजे खायचे मोठे शिंपले, विकते; एक बाई त्यांचा भाव पाडून मागत होत्या, त्यांना म्हणाली, "ताई, ज्या गावच्या शिंपल्याचं पुस्तक छापतात, त्या गावात तुमी घासाघीस करता?"

तुमच्या प्रश्नावर मी फिरले. खाडीच्या मुखाकडे, मिठागरांकडे, होडीने न्हावा शेव्याच्या बाजूलाही. कुठेच नाही, फक्त पायरीखाली. सर म्हणतात, हेच त्याचं वैशिष्ट्य, अत्यंत मर्यादित अधिवास. मला मात्र तुमचा प्रश्न सोडत नाही. पायरीखालचा चिखल इतर चिखलासारखाच आहे. मी तपासला.

लेख मार्चअखेर पाठवायचा आहे. शेवटी तुमचे आभार मानले आहेत, 'दातांची स्वतंत्र तपासणी करून दुजोरा दिल्याबद्दल'. चालेल ना?

मिताली

पारवली
१७ मार्च १९९५

बाई,

उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे.

काल शिमग्याची सुट्टी होती, म्हणून आईबरोबर बाजारात बसले. संध्याकाळी परत येताना आई नेहमीसारखी पायऱ्यांवर थांबली. टोपलीत उरलेल्या शिवल्यांतून ज्या तोंडं उघडून मेल्या होत्या त्या तिने वेगळ्या काढल्या. ज्या घट्ट मिटलेल्या होत्या, म्हणजे जिवंत होत्या, त्या ओंजळीत घेऊन शेवटच्या पायरीवरून पाण्यात सोडल्या. हात जोडले आणि वर आली.

बाई, हे मी जन्मापासून पाहते आहे. लहानपणी मी स्वतः सोडल्या आहेत. आमच्या आळीत जिवंत शिंपला घरात शिळा ठेवत नाहीत. विकला नाही तर दर्याचा दर्याला. सगळ्या बायका देवळाखालीच सोडतात. सरांनी विचारलं, बाहेरून आणून कोणी काही टाकतं का, तेव्हा मला घाण आठवली, कचरा आठवला. हे आठवलंच नाही. हात जोडून करतात ती गोष्ट मी त्यात धरलीच नाही.

मी आईला विचारलं, "आये, या शिवल्या आपल्या खाडीतल्या?"

"आपल्या खाडीत आता कुठं मिलतात? टेम्पोनं येतात. तिकडून, रत्नागिरीच्या अंगानं. धा-बारा वर्सं झाली."

वेगळ्या काढलेल्या मेलेल्या शिवल्या मी पायरीवरच ओतल्या. एकेक शिवली उलटून पाहिली. एका शिवलीच्या खाचेत, दोन बारीक धाग्यांनी चिकटून, तो बसला होता. पांढरा, तांदळाएवढा. उजेडात धरला तर पलीकडचं बोट दिसलं.

तो पारवलीचा नाही. पोत्यातून आला, आमच्याच बायकांनी सोडला आणि मीच त्याला शोधून काढलं.

आई म्हणाली, "रडतेस कनाला?" मी सांगितलं. तिने ओतलेल्या शिवल्या टोपलीत परत भरल्या. मग म्हणाली, "कोनाला म्हाईत हाय हे? तुला आन् मला." तिला खोटं बोलायला सांगायचं नव्हतं. तिला माझं रडू थांबवायचं होतं.

सोमवारी लेख जाणार आहे. सांगितलं तर गावाचं नाव जाईल, कदाचित नोकरीही. केंद्राची नेमणूक या लेखानंतर पक्की होणार होती. फळ्यावरचं अजून कोणी पुसलेलं नाही. एकच आधार आहे, तो कुठलाही असो, दात तर नवेच आहेत. ते तुम्ही पाहिले आहेत. तेवढं तरी माझ्या पायाखाली घट्ट आहे.

मिताली

रत्नागिरी
२५ मार्च १९९५

प्रिय मिताली,

तुझ्या पायाखालचं तेही मला काढावं लागणार आहे.

दात मी पाहिले नाहीत. मला दिसत नाहीत. दीड वर्षापासून दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग आहे. कडा दिसतात, मधलं दिसत नाही. माणूस समोर उभा राहिला तर त्याचे खांदे दिसतात, चेहरा नाही. शिंपल्याची कड पाहिली हे खरं लिहिलं होतं. बिजागरी कडेला नसते, हे तुला सांगायला नको. भिंग लावलं, तिरकी मान केली, उन्हात धरलं. एक शिंपला त्यात हातातून पडून हरवला. तुझी मोठी आकृती तुकड्या-तुकड्याने दिसली, तुझी पत्रं भाची वैदेही वाचून दाखवते, उत्तरं मी हाताच्या सवयीने लिहिते. मी जे तुला 'पाहिलं' म्हणून कळवलं ते तुझंच वाक्य होतं. तुझ्याकडून आलं आणि तुझ्याकडेच परत पाठवलं.

का, तर डबी हातात आली त्या दिवशी मी पुन्हा आगाशेबाई झाले होते. 'मला दिसत नाही' लिहिलं असतं तर पुढची डबी आली नसती, असं वाटलं. तू अक्षरावरून माफी मागितलीस तेव्हा लाज वाटली, तरी गप्प राहिले.

नाडगौडांना हे पत्र दाखव. आभारातलं माझं नाव काढायला सांग. तुझं निरीक्षण चूक आहे असं मी म्हणत नाही. ते बरोबरही असेल. पण ते तुझ्या एकटीचं आहे.

टेम्पोबद्दल ऐकलं आणि वैदेहीला तो भाग पुन्हा वाचायला लावला. माझ्या खिडकीखालून जाणारी पोती तुझ्या आईच्या टोपलीत पोचतात की काय कोण जाणे. पण शोधण्यासारखं आहे. भाट्याच्या खाडीत मी वीस वर्षं सुट्टीत फिरले आहे. कुठल्या ओहोटीला कुठली वाळू उघडी पडते ते मला डोळ्यांशिवाय सांगता येतं.

तुझ्या उत्तराची वाट पाहण्याचा हक्क मला नाही. तरी पाहीन.

वैजयंती आगाशे

पारवली
१६ एप्रिल १९९५

आदरणीय बाई,

उशीर मुद्दाम झाला. मला राग आला होता. तुमच्यावर राग येणं मला जमत नाही, म्हणून तो जायची वाट पाहत बसले. मग लक्षात आलं, सरांनी विचारलं तेव्हा मीही 'नाही' असं खात्रीनेच सांगितलं होतं. त्यानंतर राग टिकला नाही.

तुमचं पत्र येण्याआधीच मी सरांकडे गेले होते. त्या सोमवारी. शिवली आणि तिला चिकटलेला तो, दोन्ही काचेच्या ताटलीत नेले. सरांनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "ठीक आहे. गावाचं नाव काढू. जागा संशयास्पद लिहू. पण जात नवीच, कारण आगाशेबाईंनी दात पाहिलेत." मी केंद्राचा जिना उतरून बसस्टॉपपर्यंत आले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की बस सोडून चालत घरी आले.

आणि मग तुमचं पत्र.

बाई, दुसऱ्यांदा जाणं फार कठीण होतं. पहिल्यांदा चूक माझी होती, ती माझ्या हातात होती. यावेळी तुमची गोष्ट होती. ती कोणाला सांगायची नाही असं मी दोन दिवस ठरवून टाकलं होतं. पण पत्रात तुम्हीच लिहिलं होतं, दाखव. दाखवलं.

सरांनी वाचलं, घडी घातली, चष्मा काढला. म्हणाले, "मिस नाखवा, यापुढे सोमवारी माझ्या खोलीत येत जाऊ नका." मी दाराकडे वळले. मग म्हणाले, "मंगळवारी या. सोमवारी मला रक्तदाब होतो." लेख मागे घेतला. शिंपल्यांच्या बरणीवरची चिठ्ठी मला लिहायला लावली. जात: अनिश्चित. मूळ ठिकाण: अनिश्चित. मी विचारलं, आणि माझी नेमणूक? तर म्हणाले, "तीही अनिश्चित. सहा महिने वाढवून घेतो, पुढचं पुढे. दोनदा येऊन अनिश्चित लिहायला लावणारं माणूस मला सहज मिळणार नाही." बाहेर शिपाई ऐकत होता. आता मला केंद्रात अनिश्चितताई म्हणतात.

फळा मी स्वतः पुसला. पुसताना सदूकाका आले. मला वाटलं टोमणा मारतील. त्यांनी फडकं हातातून घेतलं आणि वरची ओळ पुसली, माझा हात पोचत नव्हता. मग म्हणाले, "गाव व्हतं तिथंच हाय. काय जायचं नाय कुठं."

आईला सगळं समजावून सांगितलं. तुमच्या डोळ्यांचंही. तिने शिंपल्याचं एका वाक्यात संपवलं, "म्हंजे तो पाव्हना हाय." तुमच्याबद्दल मात्र रात्री जेवताना म्हणाली, "एवढी शिकलेली बाई आन् तिला पन कोन इचारंनासं झालं, नाय का?"

सरांनी मे महिन्यात चार दिवस रत्नागिरीला जायची परवानगी दिली आहे. पौर्णिमेच्या ओहोट्या धरून येते. भाट्याच्या खाडीत कुठे जायचं ते तुम्ही सांगा, तिथे काय आहे ते मी सांगेन. दात पाहीन तेव्हा तुम्हाला दिसतील अशी आकृती तिथेच वाळूवर काठीने काढेन, अंगणाएवढी. तुम्ही हो म्हणेपर्यंत हो लिहिणार नाही. तुम्हाला कळलं नाही तर नाही कळलं म्हणा. पुन्हा काढेन. वैदेहीताईंनाही भिंगातून पाहायला सांगू, पण माझी आकृती त्यांना आधी दाखवायची नाही. त्यांनी आपलं आपण पाहावं.

आईही येते आहे. ती पनवेलच्या पुढे कधी गेलेली नाही. तिने बादलीत खाडीचं पाणी घेऊन चार जिवंत शिवल्या आणि त्यांना चिकटलेले आणखी दोन पांढरे जपले आहेत. म्हणते, पाव्हन्याला घरी पोचवू, पुन्य लागेल. मी तिला हात जोडून सांगितलं, आये, वाटेल ते कर पण तिथं सोडू नकोस. अजून त्याचं घर कुठलं ते ठरायचं आहे. तू सोडशील आणि उद्या मीच तिथे शोधून काढीन.

"मंग बादली कनाला न्यायची?" तिने विचारलं.

मी म्हटलं, बाईंच्या हातात द्यायला. त्यांचा एक हरवला होता.

तुमची,
मिताली